तालाने फेडलेलं देणं

२०१३ साली मूसिकस या जर्मन कंपनीने त्रिलोक गुर्टू यांचा ‘स्पेलबाउंड’ हा अल्बम बाजारात आणला. अल्बम उघडतो तो ट्रम्पेटवर, आणि तो ट्रम्पेट फुंकणारा माणूस तेव्हा या जगात नव्हता. डॉन चेरी ऑक्टोबर १९९५ मध्ये स्पेनमध्ये वारले. त्यांचं आणि त्रिलोक यांचं एकत्र वाजवणं जुन्या ध्वनिमुद्रणात शिल्लक होतं. ६१ वर्षांच्या शिष्याने आपल्या नव्या कामाची सुरुवात त्यानेच केली.

तालवाद्य वाजवणारा कलावंत साठी ओलांडल्यावर अल्बम काढतो तेव्हा त्यात स्वतःच्या हाताची तयारी दाखवेल, अशी कुणाचीही अपेक्षा असते. त्रिलोक यांच्याकडे दाखवण्यासारखं भरपूर होतं. ‘डाउनबीट’ या अमेरिकन जॅझ मासिकाच्या समीक्षकांनी त्यांना अनेक वर्षं तालवादकांत पहिला क्रमांक दिलेला आहे. तरीही या अल्बममध्ये त्यांनी पुढची जागा ट्रम्पेटला दिली आणि स्वतः मागे बसून ताल धरला. ही जागा त्यांनी का सोडली, हे कळायला थोडं मागे, मुंबईला आणि त्याआधी बेळगावला जावं लागतं.

शोभा गुर्टू मूळच्या बेळगावच्या भानुमती शिरोडकर. जन्म १९२५ चा. आई मेनकाबाई शिरोडकर नर्तकी आणि गायिका, अल्लादिया खाँसाहेबांच्या परंपरेतल्या. भानुमतीने आधी भुर्जी खाँ आणि पुढे घम्मन खाँ यांच्याकडे तालीम घेतली. विश्वनाथ गुर्टू यांच्याशी लग्न झालं आणि ‘शोभा गुर्टू’ हे नाव ठुमरी-दादऱ्याशी कायमचं जोडलं गेलं. ‘सामना’सारख्या मराठी चित्रपटांत त्या गायल्या, हिंदीत गायल्या, २००२ मध्ये पद्मभूषण झाल्या आणि २००४ च्या सप्टेंबरात गेल्या. त्रिलोक हे त्यांचे चिरंजीव, जन्म ३० ऑक्टोबर १९५१, मुंबई. भाऊ रवी गुर्टू यांनीही तालवाद्यंच हाती घेतली.

त्रिलोक तबला शिकले शाह अब्दुल करीम यांच्याकडे. घरात दिवसभर गाणं. आणि त्याच वयात कानावर पडत होत्या अमेरिकेतून आलेल्या रेकॉर्डी: जॉन कोल्ट्रेन, जिमी हेंड्रिक्स, मोटाउनची गाणी, जेम्स ब्राऊन. त्या काळातली एक गोष्ट त्यांनी स्वतः दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत सांगितली आहे. स्टुडिओत एकावर एक थर चढवून ध्वनिमुद्रण करतात, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. रेकॉर्डवर ऐकू येतंय ते सगळं एकाच वेळी वाजवलेलं आहे असं समजून ते एकट्याने वाजवायला बसत. पुढे एकाच माणसाच्या दोन हातांतून तीन-चार वादकांचं काम निघताना जगाने पाहिलं, त्याची तयारी या गैरसमजात झाली.

जेम्स ब्राऊनने १९६० च्या दशकात जे सुरू केलं त्याला फंक म्हणतात. १९६७ चं ‘कोल्ड स्वेट’ ऐकलं की त्याची रचना ध्यानात येते. चार मात्रांचं आवर्तन, पहिल्या मात्रेवर सगळ्यांचा एकत्र ठोका, आणि उरलेल्या जागेत प्रत्येक वाद्य आपला छोटासा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवतं. गिटार सूर कमी देते, ठेका जास्त. बेसही तालाचंच काम करतो. ब्राऊन त्या पहिल्या मात्रेला ‘द वन’ म्हणत असे आणि तिथे चुकणाऱ्या वादकाला दंड करत असे. तबल्याच्या तालमीत वाढलेल्या पोराला ही भाषा परकी वाटण्याचं कारण नव्हतं. समेचा धाक त्याने लहानपणापासून घेतलेला होता. फरक एवढाच की तबलजी तिहाई घेऊन, श्रोत्याला ताटकळत ठेवून समेवर येतो. फंकमध्ये सम दर चार मात्रांनी येते आणि तिच्यावर नाचायचं असतं.

१९७० च्या दशकात त्रिलोक युरोपात गेले, पुढे जर्मनीत हॅम्बुर्गला राहिले. तिथे सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो भेटले, डॉन चेरी भेटले. सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या बंडखोर चौकडीतले चेरी हातात मावेल एवढा छोटा ट्रम्पेट घेऊन आफ्रिका, तुर्कस्तान, भारत असं जगभरचं संगीत शिकत हिंडत होते. पंडित प्राणनाथांकडेही ते शिकले. परदेशात आलेल्या भारतीय वादकाला तेव्हा बहुधा एकच काम मिळे, मैफलीला थोडा पौर्वात्य रंग द्यायचं. चेरींच्या शेजारी बसल्यावर भारतीय तालाला शोभेच्या तोरणापेक्षा मोठी जागा होती.

१९८४ मध्ये ‘ऑरेगन’ या अमेरिकन वाद्यवृंदाचे तालवादक कॉलिन वॉलकॉट पूर्व जर्मनीत रस्त्यावरच्या अपघातात गेले. वॉलकॉट हे रविशंकरांकडे सतार आणि अल्लारखाँकडे तबला शिकलेले, आणि ‘कोडोना’ या त्रयीत डॉन चेरींचे साथीदार. त्यांच्या जागी ‘ऑरेगन’ने त्रिलोक यांना घेतलं, १९८७ च्या ‘इकोटोपिया’वर त्यांचा हात ऐकू येतो. त्यानंतर गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांच्या त्रयीतली वर्षं. १९८९ ची लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधली मैफल रेकॉर्ड होऊन निघाली आणि त्रिलोक यांचं नाव सगळीकडे झालं.

त्यांची बैठक जवळून पाहण्यासारखी असते. पाश्चात्त्य ड्रमवादक स्टुलावर बसतो. त्रिलोक जमिनीवर अर्धवट गुडघे टेकून बसतात. समोर तबला, बाजूला ड्रम, वर झांजा, आसपास घंटा, घुंगरं, खुळखुळे. आणि एक पाण्याची बादली. धातूची थाळी किंवा घंटा वाजवून ते ती हळूच पाण्यात बुडवतात. कंप पावणाऱ्या धातूला पाण्याचाही भार ओढावा लागतो, कंपनं मंदावतात आणि सूर खाली घसरतो. वर काढली की पुन्हा चढतो. ठोक्याच्या वाद्यातून मींड काढण्याची ही युक्ती आहे. ठुमरी गाणाऱ्या आईच्या घरात वाढलेल्या माणसाला ठोक्यातही मींड हवीशी वाटली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

स्वतःच्या नावावरचा ‘उस्फ्रेट’ हा अल्बम त्यांनी १९८८ मध्ये काढला. डॉन चेरी, ‘ऑरेगन’चे राल्फ टाउनर, व्हायोलिनवर एल. शंकर, बेसवर योनास हेलबोर्ग, आणि गायला शोभाताई. एका रचनेचं नावच ‘शोभारॉक’. तेव्हा शोभाताई ६३ वर्षांच्या होत्या. ठुमरीची राणी म्हणून मान्यता मिळालेल्या बाईंनी त्या वयात, फंकच्या बेसवर, आपला आवाज जराही न बदलता लावला. आईने मुलाच्या संगीतात पाऊल टाकलं तेव्हाचं तिचं वय आणि ‘स्पेलबाउंड’ काढताना मुलाचं वय जवळपास सारखंच होतं.

आता ‘स्पेलबाउंड’. या अल्बममध्ये ट्रम्पेटच्या तीन थोरांना मानवंदना आहे: डिझी गिलेस्पी, माइल्स डेव्हिस आणि डॉन चेरी. नुसती यादी वाचली तर जॅझमधली मोठी नावं निवडली एवढंच वाटेल. पण या तिघांच्या चरित्रात एक समान धागा आहे आणि माझ्या मते अल्बमची खरी कल्पना तिथेच आहे. तिघांनीही परक्या मुलखातल्या तालवादकाला आपल्या शेजारी बसवलं.

गिलेस्पींनी १९४७ मध्ये क्यूबाच्या चानो पोसोला आपल्या मोठ्या वाद्यवृंदात घेतलं. पोसोला इंग्रजी येत नव्हतं, कागदावरचं संगीत वाचता येत नव्हतं. तो कोंगा वाजवायचा आणि प्रत्येक वाद्याने काय वाजवायचं ते तोंडाने म्हणून दाखवायचा. मुख्य तुकडे त्याचे, मधला भाग गिलेस्पींचा, बांधणीला गिल फुलर, अशी ‘मान्टेका’ उभी राहिली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेकॉर्ड झाली. वर्षभराने पोसोचा न्यूयॉर्कमध्ये खून झाला. ‘स्पेलबाउंड’मध्ये ‘मान्टेका’ आहे.

माइल्स डेव्हिसची कथा तर थेट आपल्या तबल्याशी येऊन भिडते. १९७१ च्या ‘जॅक जॉन्सन’ अल्बमवर गिटार मॅकलॉफ्लिन यांची. त्यातल्या दुसऱ्या बाजूच्या बेसची ओळ जेम्स ब्राऊनच्या गाण्यावरून घेतलेली. १९७२ च्या ‘ऑन द कॉर्नर’मध्ये माइल्स पुरते फंकमध्ये उतरले, आणि तबल्याला बसवले बादल रॉय, पूर्व बंगालमधून न्यूयॉर्कला आलेले, उपाहारगृहांत काम करून तबला वाजवणारे. त्याच अल्बमवर सतार आहे कॉलिन वॉलकॉट यांची. जॅझच्या समीक्षकांनी तेव्हा त्या अल्बमची साल काढली. आज तोच अल्बम नव्या पिढ्यांचे संगीतकार पुन्हा पुन्हा अभ्यासतात. त्रिलोक यांनी ‘जॅक जॉन्सन’ आणि ‘ऑन द कॉर्नर’मधली ‘ब्लॅक सॅटिन’ एकत्र बांधून घेतली. ज्या वॉलकॉट यांची जागा आपण चालवली आणि ज्या मॅकलॉफ्लिन यांच्या शेजारी आपण नावारूपाला आलो, ते दोघे या मूळ अल्बमांवर हजर आहेत, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

माइल्सचीच १९५९ ची ‘ऑल ब्लूज’ही अल्बममध्ये आहे. ती सहा मात्रांत झुलते. दादऱ्याच्या कानाने ऐकून पाहावी.

वाजवायला बोलावलेले ट्रम्पेटवादक एकाच ठशाचे नाहीत. नॉर्वेचे निल्स पेटर मोल्वेर ट्रम्पेटचा सूर इलेक्ट्रॉनिक यंत्रांतून गाळून धुक्यासारखा पसरवतात. सार्डिनियाचे पाओलो फ्रेझू संयमी, मोजक्या सुरांचे. त्यांच्या जन्मगावाचं ‘बेर्कीद्दा’ हे नाव एका रचनेला दिलं आहे. तुर्कस्तानचे हसन ग्योझेतलिक आहेत. आणि बैरूतमध्ये जन्मलेले, फ्रान्समध्ये वाढलेले इब्राहिम मालूफ. त्यांच्या ट्रम्पेटला नेहमीच्या तीनऐवजी चार कळा आहेत. चौथी कळ त्यांचे वडील नसीम मालूफ यांनी बसवून घेतली, अरबी संगीतातले पाव स्वर निघावेत म्हणून. ठराविक बारा सुरांत न बसणाऱ्या जागांची गरज आपल्या श्रोत्याला समजावून सांगावी लागत नाही. वडिलांनी दिलेलं वाद्य घेऊन आलेला मुलगा आणि आईने दिलेला कान घेऊन आलेला मुलगा, असे दोघे या अल्बममध्ये भेटतात.

हे सगळं परदेशी स्टुडिओतलं, उच्चभ्रू प्रकरण आहे असं कुणी म्हणेल तर त्याने लगीनसराईत ठाणे जिल्ह्याच्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत यावं. शेणवा, किन्हवली, डोळखांब, इकडे सरळगाव, धसई, टोकावडे. वरात निघते तेव्हा पुढे बँड असतो. ट्रम्पेटवाला गाल फुगवून मुखडा घेतो, साइड ड्रमवाला मधल्या रिकाम्या जागा काठ्यांनी भरतो, ढोलवाला पहिल्या ठोक्यावर असा काही हाणतो की म्हाताऱ्यांचेही खांदे हलतात. खुळखुळावाला दोघांच्या मधून वाट काढतो. सूर ट्रम्पेटचा, अंमल ढोलाचा, आणि सगळ्यांनी मिळून पकडलेली पहिली मात्रा. गिलेस्पी आणि पोसो यांनी न्यूयॉर्कमध्ये जी जोडी जमवली तिच्याच जातीची जोडी इथे दर वैशाखात रस्त्यावर घाम गाळते. या वादकांपैकी कुणाच्या नावावर अल्बम निघत नाही, लग्नपत्रिकेवर त्यांचं नाव छापलं जात नाही. त्यांच्या हातातलं कसब मात्र कमी प्रतीचं नाही.

‘स्पेलबाउंड’ आला तेव्हा सीडीचा धंदा उतरणीला लागला होता. वयस्क कलावंताला अशा काळात जुन्या लोकप्रिय रचनांचा संग्रह काढणं सोपं पडतं. त्रिलोक यांनी नव्या रचना बांधल्या, उसन्या रचनांना हात घातला, आणि तुलू तिरपान यांचे कीबोर्ड, योनाथन इलेनफेल्ड यांचा बेस अशा तरुण संचाला सोबत घेतलं. सहा वर्षांनी, २०१९ मध्ये, ‘गॉड इज अ ड्रमर’ आला. त्यात ‘योसेफ एरिच’ ही रचना कीबोर्डवादक जो झाविनुल यांच्यासाठी, ज्यांच्या संचात ते पूर्वी वाजवत असत. ऋण मानण्याचं काम एका अल्बमने संपलं नव्हतं.

एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. इतके वेगळे ट्रम्पेटवादक एका अल्बममध्ये आले की रचना-रचनांत मूड बदलतो आणि काही ठिकाणी ‘उस्फ्रेट’सारखी एकसंध झिंग चढत नाही. ‘उस्फ्रेट’ हा तरुण माणसाचा धडाका होता, ‘स्पेलबाउंड’मध्ये पाहुण्यांची उठबस आहे. पण या उठबशीतही ठेका कुठे ढिला पडत नाही. पाहुणा बदलला की त्रिलोक त्याच्या श्वासाप्रमाणे ठोक्यांचं वजन बदलतात. हे साथीचं शिक्षण आहे, आणि ते ठुमरीच्या घरातून आलेलं आहे, असं माझं ठाम मत आहे.

महाराष्ट्रात त्रिलोक यांची ओळख अजून बऱ्याच ठिकाणी ‘शोभाताईंचा मुलगा’ एवढ्यावर थांबते. ज्यांच्या घरी शोभाताईंच्या ठुमऱ्यांच्या कॅसेटी अजून जपून ठेवलेल्या आहेत, त्यांनी आधी ‘शोभारॉक’ ऐकावं, मग ‘ऑन द कॉर्नर’, आणि त्यानंतर ‘स्पेलबाउंड’ पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि घरात ताशा, ढोलकी किंवा ट्रम्पेट वाजवणारं पोर असेल, तर त्याला शेजारी बसवून ऐकवावं.