परसदारी घाटरस्ता

सुट्टी लागली, की मुलं मोबाइलमध्ये आणि आई ओरडण्यात! मैत्रिणींनो, यंदा कपाटावर धूळ खात पडलेला रिमोटचा ट्रक खाली काढा. परसात त्याच्यासाठी घाटरस्ता बांधू या.

खर्च जवळजवळ नाहीच. अर्ध्या विटा, दगड, फळ्या, जुनं टायर एवढं पुरे. आधी ट्रकची रुंदी मोजा आणि वाट तिच्या दुप्पट ठेवा. चढाची फळी ३ फुटांची असेल, तर एका टोकाखाली फूटभरच उंची द्या. गुळगुळीत फळीवर चाकं घसरतात, म्हणून वर गोणपाट ताणून ठोका. दगड अर्धे मातीत पुरा, म्हणजे हलणार नाहीत. फळीखाली मधोमध पाइपचा तुकडा ठेवला, की झाला सी-सॉ! डबकं मात्र नको. बऱ्याच खेळण्यांत पाणी शिरतं.

इथे वेगापेक्षा सफाई महत्त्वाची. ट्रक मागे घेतला तर १ गुण, खुणेच्या काठीला लागला तर १०. ज्याचे गुण कमी, तो जिंकला.

आधी रिमोट सुरू करायचा, मग ट्रक. बंद करताना उलट. लिथियम बॅटरी मोठ्यांच्या देखत चार्ज करा. फुगलेली वापरूच नका.

आणि हो, दादाच्या हातात रिमोट आणि ताई नुसत्या विटा उचलतेय, असं होऊ देऊ नका. सरळ नंबर लावा. चढ किती ठेवला की ट्रक उलटतो, हे तिलाही स्वतः करून कळू दे. एखादी फेरी तुम्हीही मारा की!