दोन कागद, एक आजार

मी कवी माणूस. शिक्षण बी. ए., तेही मराठी घेऊन. तेव्हा गुराढोरांचे रोग आणि प्रयोगशाळा यांवर मी काय बोलणार, असं आपल्याला वाटलं तर त्यात नवल नाही. पण या विषयाशी माझी गाठ पुस्तकातून पडलेली नाही, ती माझ्या मामूंमुळे पडली.

मामू जोगेश्वरीच्या एका तबेल्यात दूध काढायचे. पहाटे तीनला उठायचं, बादली घ्यायची आणि म्हशीच्या पाठीवर थाप मारून तिच्याशी बोलत बोलत धार काढायची. १९९८च्या पावसाळ्यात त्यांना ताप येऊ लागला. संध्याकाळी चढायचा, रात्री घामाने अंथरूण भिजायचं आणि सकाळी मामू पुन्हा ठणठणीत. आठवडाभर बरं वाटायचं, मग परत तेच. मुंबईचा पावसाळा, त्यामुळे आधी मलेरियाची औषधं झाली, मग टायफॉइडची. कंबर आणि गुडघे धरले ते वेगळंच. चार महिने असे गेले. शेवटी एका तरुण डॉक्टरने साधा प्रश्न विचारला, "चाचा, तुम्ही काम काय करता?" उत्तर ऐकून त्याने रक्ताची वेगळी तपासणी करायला सांगितली. निदान झालं, ब्रुसेलोसिस.

हा आजार मुळात जनावरांचा. गाय किंवा म्हैस शेवटच्या महिन्यांत गाभ टाकते. पडलेला गर्भ, वार आणि स्राव यांत जंतू असतात. ते साफ करणाऱ्याच्या हाताला साधी चीर असली तरी तिथून आत शिरतात. कच्च्या दुधातूनही येतात. मी मामूंना विचारलं, "मामू, तबेल्यात कुठली म्हैस गाभडली होती का?" ते म्हणाले, "हो ना बेटा, उन्हाळ्यात दोन गाभडल्या. मीच सगळं उचललं. डॉक्टर येऊन रक्तसुद्धा घेऊन गेले होते." मालकाच्या टेबलाच्या खणात तो कागद सापडला. जूनमधला होता आणि त्यावर त्याच आजाराचं नाव इंग्रजीत छापलेलं होतं.

म्हणजे म्हशींचा कागद जूनचा, मामूंचा ऑक्टोबरचा. दोन्हींवर आजार एकच, आणि दोन्ही कागद एकाच उपनगरातले. पण एकाची दुसऱ्याला खबर नव्हती. सहा आठवड्यांच्या औषधांनी ताप गेला. कंबर मात्र गेली ती गेलीच. उरलेलं आयुष्य मामूंनी खुर्चीवर बसून नमाज अदा केली.

त्यानंतर मी जमेल तसं वाचत गेलो, जाणकारांना विचारत गेलो. एक गोष्ट कळली. प्रयोगशाळेने तपासणी केली म्हणजे काम संपत नाही. तो निकाल दुसऱ्यापर्यंत पोचायला हवा आणि दुसऱ्याला त्याचा तोच अर्थ लागायला हवा. यातलं दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड आहे.

शब्दांचंच उदाहरण घ्या. 'घटसर्प' म्हणजे काय? आईबापांना विचाराल तर तो लहान मुलांच्या घशाचा आजार, डिप्थेरिया. शेतकऱ्याला विचाराल तर पावसाळ्याच्या तोंडावर गाईम्हशींना होणारा, गळा सुजवून एकदोन दिवसांत जनावर आडवं करणारा रोग. दोन्हींचे जंतू वेगळे, लसी वेगळ्या, नाव मात्र एक. उलट, एकाच रोगाला एका गावात फऱ्या म्हणतात, तर दुसऱ्या गावात एकटांग्या. कवीला ही भाषेची श्रीमंती वाटते, पण आजारांची मोजदाद करणाऱ्याची मात्र यात दमछाक होते. म्हणून प्रयोगशाळांच्या नोंदीत प्रत्येक रोगाला, प्रत्येक जनावराला आणि प्रत्येक गावाला एकच ठरलेलं नाव किंवा संकेतांक लागतो.

नावानंतर येते ती पद्धत. ब्रुसेलोसिससाठी 'रोज बंगाल' नावाची सोपी तपासणी आहे. पांढऱ्या फरशीवर रक्तजलाचा थेंब, त्यात गुलाबी द्रावणाचा थेंब. मिसळून चार मिनिटं हलवायचं. गुठळ्या दिसल्या तर संशय पक्का. दुसरी तपासणी 'एलायझा', तिचं उत्तर यंत्र आकड्यांत देतं. एकाने गुठळ्या पाहिल्या आणि दुसऱ्याने आकडा मोजला, तर दोघांचा 'होय' अगदी सारखा असतोच असं नाही. म्हणून निकालासोबत पद्धतही लिहावी लागते. नमुना घेतल्याची तारीख लिहावी लागते, नुसती तपासल्याची नव्हे. आणि अधूनमधून एकच नमुना, आतलं गुपित न सांगता, अनेक प्रयोगशाळांना धाडून सगळ्यांचं उत्तर जुळतं का, हेही पाहावं लागतं. गझलेत एका शेराची मात्रा एकाने एक मोजली आणि दुसऱ्याने दोन, तर मैफल बसेल कशी? तसंच आहे हे.

तिसरी गोष्ट आपल्या सहज लक्षात येत नाही. 'नाही' या उत्तराचीही नोंद हवी. पाच म्हशींत रोग सापडला म्हटलं तर कितींपैकी पाच? दहांपैकी की हजारांपैकी? निर्दोष निघालेले कागद रद्दीत गेले, तर या प्रश्नाला उत्तरच उरत नाही.

या 'नाही'ची किंमत बुळकांडीने शिकवली. गुरांची गावंच्या गावं रिकामी करणारा हा रोग. त्याच्या आणि इतर रोगांच्या अभ्यासासाठी १८८९ साली इम्पिरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली ती आपल्या पुण्यात. १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली. १९२०मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेली गुरं वाटेत बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात थांबली आणि तिथे बुळकांडी पसरली. त्या धक्क्यातून, एकमेकांना साथीची खबर द्यायची असं ठरवून, २८ देशांनी १९२४मध्ये पॅरिसला जागतिक पशुआरोग्य संघटना स्थापली. भारतात शेवटची बुळकांडी दिसली १९९५मध्ये. पण भारत तिच्यापासून मुक्त झाल्यावर शिक्कामोर्तब झालं २००६मध्ये. मधली वर्षं गावोगावचे नमुने ठरलेल्या पद्धतीने तपासून 'नाही, नाही' असं सिद्ध करण्यात गेली. २०११मध्ये ती जगातूनच गेली.

त्याच २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात कोंबड्या पटापट मरत होत्या. सुरुवातीला वाटलं, नेहमीची राणीखेत असेल. दोन्ही रोगांची लक्षणं इतकी सारखी की नुसत्या नजरेला फरक कळत नाही. भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेने सांगितलं तेव्हा कळलं, हा बर्ड फ्लू, देशातला पहिला. साथीत पहिले काही दिवस हाच सगळा खेळ असतो.

२०२२मध्ये लम्पी आला तेव्हा आमच्या उपनगरात दुधाबद्दल अफवा उठल्या. वस्तुस्थिती अशी की, लम्पी माणसाला होत नाही आणि म्हशींपेक्षा गाईंना जास्त होतो. अफवेला उत्तर द्यायचं तर कुठे किती जनावरं तपासली आणि किती आजारी निघाली, हे आकडे समोर असावे लागतात. त्या वेळी राज्य सरकारने दगावलेल्या दुभत्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये मदत दिली. हे मी मुद्दाम सांगतो. कारण मालक रोग लपवतो तो दुष्टपणाने नव्हे, भीतीने. तबेल्याचं नाव झालं तर दूध कोण घेणार? १०० म्हशींचा संसार कसा चालणार? २००९च्या केंद्रीय कायद्याने ठरावीक रोगांची खबर देणं मालकाला बंधनकारक केलं आहे. पण खबर देणाऱ्याला आधार मिळाला आणि चारचौघांत मालकाचं नाव न येता फक्त परिसराचं नाव आलं, तर कायद्याला माणसांची साथ मिळते.

आज साधनं आहेत. जनावरांच्या कानात १२ आकडी क्रमांकाचा बिल्ला असतो आणि 'भारत पशुधन' या संगणकीय प्रणालीत त्याची नोंद होते. बंगळूरची 'निवेदी' ही संस्था जुन्या साथी आणि हवामान यांची सांगड घालून कुठल्या जिल्ह्यात कुठला रोग डोकं वर काढेल, याचा अंदाज दोन महिने आधी देते. माणूस आणि जनावर यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२मध्ये नागपुरात झाली. पण अंदाज शेवटी खालून येणाऱ्या कागदावरच उभा राहतो. खालचा कागद अर्धवट, तर वरचा अंदाजही अर्धवट.

मुंबईला याची निकड जास्त. आरे कॉलनी, जोगेश्वरी, गोरेगाव इथल्या तबेल्यांत म्हशी येतात त्या गुजरात-हरियाणातून. भाकड झाल्या की परत जातात, नव्या येतात. म्हशीबरोबर तिचा रोगही प्रवास करतो. त्याच्या आधी त्याची खबर पोचली पाहिजे.

आपण काय करायचं? दूध उकळूनच प्या. जनावरं पाळत असाल तर चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना ब्रुसेलोसिसची लस टोचून घ्या, ती एकदाच टोचावी लागते. गाभ टाकलेलं उघड्या हाताने उचलू नका. रक्त तपासायला दिलं असेल तर निकाल मागून घ्या आणि तो धार काढणाऱ्या गड्यालाही वाचून दाखवा. आणि ताप हटत नसेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा, "मी जनावरांत काम करतो."

मामूंना वाचता येत नव्हतं. जूनचा तो कागद कुणी मोठ्याने वाचला असता, तरी पुरलं असतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)