एक मार्क, पंधरा महिने

कॅटमध्ये ९९ पर्सेंटाइल, तरी ड्रीम कॉलेजचा कॉल नाही? गडबड नोव्हेंबरच्या त्या रविवारी झाली नसेल. ती बारावीच्या फिजिक्समध्ये झाली असेल! जुनी मार्कशीट नव्या स्वप्नाकडून नेमकी किती किंमत वसूल करते, त्याचा हा रोखठोक हिशेब.

जानेवारीत हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंतच्या ऑफिसांत एक वेगळीच शांतता असते. कॅटचा निकाल लागलेला असतो आणि आयआयएमच्या शॉर्टलिस्ट एकामागोमाग एक बाहेर पडत असतात. मीटिंग चालू असते, पण टेबलाखाली मोबाइलवर पेज रिफ्रेश होत असतं. मग एका टीममधल्या दोघांची तुलना होते. एकाला ९९.१, त्याला अहमदाबादचा कॉल. दुसरीला ९९.३, तिला 'वी रिग्रेट'. कॅन्टीनमध्ये चर्चेला ऊत येतो. वशिला? नशीब? सिस्टीमच बोगस?

बऱ्याचदा यातलं काहीच नसतं. उत्तर कपाटात, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, लॅमिनेट करून ठेवलेलं असतं. दहावी-बारावीची मार्कशीट!

'अकरावीला चांगलं कॉलेज मिळालं की दहावी संपली', 'इंजिनीअरिंगला गेलं की बारावी कोण विचारतो' हे आपण लहानपणापासून ऐकतो. नोकरीत ते खरंही ठरतं. पण एमबीएच्या सगळ्यात अरुंद दरवाजांवर ते साफ खोटं ठरतं. तिथे तुमच्या पंधराव्या आणि सतराव्या वर्षीचे मार्क आजही मोजले जातात, दशांशापर्यंत.

गर्दीच एवढी आहे

आधी या गर्दीचा अंदाज घेऊ. २०२३ च्या कॅटला सुमारे २ लाख ८८ हजार मुलं बसली. म्हणजे ९९ पर्सेंटाइलच्या वर साधारण २,९०० जण. अहमदाबादच्या दोन वर्षांच्या मुख्य कोर्सच्या जागा सुमारे ४००. अहमदाबाद, बंगळुरू आणि कलकत्ता या जुन्या तीन आयआयएम एकत्र धरल्या तरी जागा दीड हजाराच्या आसपास. त्यातही आरक्षित आणि खुल्या गटाच्या याद्या वेगवेगळ्या.

आता ९९ आणि ९९.५ मधला फरक बघा. अर्ध्या पर्सेंटाइलची ही पट्टी, आणि तिच्यात चौदाशेहून जास्त माणसं! कॅटने इतक्यांना जवळजवळ एकाच रेषेत आणून उभं केलं, तर निवड करायला दुसरी काहीतरी फूटपट्टी लागणारच. जुने मार्क ही ती फूटपट्टी. तुमचा एखादा कच्चा विषय म्हणूनच महाग पडतो. तो विषय फार वाईट गेला असं नसतं. आजूबाजूच्या गर्दीचा तो चांगला गेलेला असतो, एवढंच.

अहमदाबादची शिडी

आयआयएम अहमदाबादने अनेक वर्षं आपला फॉर्म्युला जाहीरपणे वेबसाइटवर ठेवला आहे. तो वाचणारे मात्र फार थोडे. २०२० च्या आसपासच्या प्रवेशांचा हिशेब असा होता: दहावीला जास्तीत जास्त १० गुण, बारावीला १०, पदवीला १० आणि नोकरीच्या अनुभवाला ५. एकूण ३५. या 'अॅप्लिकेशन रेटिंग'ला शॉर्टलिस्टमध्ये साधारण एक तृतीयांश वजन, बाकीचं कॅटला.

खरी गंमत पुढे आहे. हे १० गुण टक्क्यांच्या प्रमाणात मिळत नव्हते, पायऱ्यांनी मिळत होते. बारावी सायन्सला ९० च्या वर टक्के असतील तर १०. ८० च्या वर ते ९० पर्यंत ८. ७० च्या वर ते ८० पर्यंत ५. त्याखाली ३, २, १. म्हणजे ८१ आणि ८९ टक्के सारखेच, पण ८० आणि ८० च्या किंचित वर यांच्यात मोठी दरी.

समजा, दोन मैत्रिणी आहेत. एकच कॉलेज, एकच क्लास. बारावीला ६०० पैकी एकीला ४८१, दुसरीला ४८०. पहिलीचे ८०.१७ टक्के, तिला ८ गुण. दुसरीचे बरोब्बर ८०, तिला ५. नियमात '८० च्या वर' असं होतं, '८० आणि वर' असं नव्हतं! एका मार्काने तीन गुण गेले.

आता हे तीन गुण कुठून आणायचे? नोकरीच्या अनुभवाचे गुण अकरा महिन्यांनंतर दर महिन्याला ०.२ या दराने वाढत होते. तीन गुण म्हणजे पंधरा महिने. एका मार्कासाठी सव्वा वर्षाचे स्टँड-अप कॉल, अप्रेझल आणि रात्री अकराला येणारे क्लायंटचे मेल!

टेन्शन घेण्याआधी दुसरी बाजूही बघा. एकूण शंभरात मोजलं तर हे नुकसान तीनच्या आसपास जातं. कॅटमध्ये बरोबर उत्तराला तीन मार्क असतात. ढोबळ हिशेबाने दोन-तीन जास्तीची बरोबर उत्तरं हा खड्डा भरून काढतात. म्हणजे एक कच्चा विषय दार बंद करत नाही. तो उंबरठा वर उचलतो. पण दहावी, बारावी आणि पदवी अशा तिन्ही ठिकाणी एकेक पायरी घसरली, तर तो उंबरठा राहत नाही, भिंत होते.

बेस्ट ऑफ फाइव्हचा सापळा

आपल्याकडच्या एसएससीवाल्यांसाठी यात एक खास सापळा आहे. बोर्डाच्या मार्कशीटवर 'बेस्ट ऑफ फाइव्ह'चे टक्के असतात आणि आपण आयुष्यभर तोच आकडा सांगत फिरतो. आयआयएमच्या फॉर्मला मात्र तो मान्य नाही. तिथे मार्कशीटवरच्या सगळ्या विषयांची बेरीज लागते, मग बोर्डाचा नियम काहीही असो.

उदाहरण घ्या. पाच विषयांत ५०० पैकी ४६०, म्हणजे ९२ टक्के. पेढे वाटून झाले. सहाव्या, कधीच सीरियसली न घेतलेल्या भाषेत ७०. आता बेरीज ६०० पैकी ५३०, टक्के ८८.३३. अहमदाबादच्या शिडीवर १० ची पायरी सुटली, हाती ८ आले. ज्या विषयाला 'तो धरत नाहीत' म्हणून सोडून दिलं, तोच दहा वर्षांनी धरला गेला. सीबीएसईच्या मुलांचा सहावा ऐच्छिक विषयही असाच उगवतो.

आणि हो, फॉर्ममध्ये सोयीचा आकडा टाकायचा मोह आवरा. इंटरव्ह्यूच्या वेळी मूळ मार्कशीट तपासतात. मार्क कमी असल्याने कॉल जातो, खोटे असल्याने कँडिडेचरच जाते.

प्रत्येक गेट वेगळं

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे 'आयआयएमला मार्क लागतात' हे सरसकट वाक्य. प्रत्येक संस्थेचं गणित वेगळं आहे.

आयआयएम बंगळुरूने अनेक वर्षं बारावीपेक्षा दहावीला जास्त वजन दिलं. पण तिथे पायऱ्या नव्हत्या. तुमचे मार्क त्या बोर्डाच्या नव्वदाव्या पर्सेंटाइलच्या मार्कांशी ताडून बघितले जात. म्हणजे एखादं बोर्ड खिरापत वाटत असेल तर त्याचा फायदा कमी होई, आणि हात आखडता घेणाऱ्या बोर्डाच्या मुलांना न्याय मिळे.

आयआयएम कलकत्त्याच्या जुन्या तक्त्यांत दहावीला ८० टक्क्यांपासूनच पूर्ण गुण होते. म्हणजे जे ८० टक्के अहमदाबादला अर्धे गुण देत, तेच कलकत्त्याला पैकीच्या पैकी! आणि कलकत्त्याला शॉर्टलिस्टसाठी पदवीचे मार्क धरत नसत. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षात गटांगळ्या खाल्लेल्यांसाठी ही केवढी मोठी बातमी!

शाखेचाही विचार होतो. अहमदाबादच्या त्याच तक्त्यात आर्ट्सच्या बारावीला ७० च्या वर ८ गुण आणि ८५ च्या वर पूर्ण १० होते. सायन्सवाल्यांनी आर्ट्सवाल्यांशी नुसत्या टक्क्यांची तुलना करून उसासे टाकण्यात अर्थ नाही.

आणि मुंबईतलं जमनालाल बजाज? १९६५ पासूनची ही नामवंत संस्था सीईटीच्या मेरिटवर प्रवेश देते. पदवीला किमान टक्क्यांची अट पूर्ण केली, की दहावी-बारावीचं भूत तिथे दिसत नाही. हैदराबाद आणि मोहालीच्या आयएसबीचा फॉर्म तर अनुभव, निबंध, जीमॅट किंवा जीआरई असं सगळं मिळून वाचला जातो. तिथे एका विषयाच्या मार्कांना स्वतःची वेगळी पायरी नाही.

हे फेअर आहे का?

संस्थांची बाजू अगदीच लंगडी नाही. कॅट म्हणजे एका दिवसाचे दोन तास. त्या दिवशी डोकं चाललं किंवा नाही चाललं. दहावी, बारावी, पदवी मिळून मात्र सहा-सात वर्षांचं सातत्य दिसतं, असं त्यांचं म्हणणं. ते पटण्यासारखं आहे.

पण सातत्य मोजताना परिस्थिती मोजली जात नाही, हेही तितकंच खरं. बारावीच्या वर्षी वडील आजारी असलेली मुलगी, मराठी माध्यमातून येऊन अकरावीच्या सायन्सच्या इंग्रजीशी झगडणारा मुलगा, प्रॅक्टिकलच्या आधी कावीळ झालेला कुणी. तक्त्यात यांच्यासाठी रकाना नसतो.

त्यात २०२१ चं वर्ष आलं. कोविडमुळे त्या वर्षी राज्य बोर्डाची दहावी-बारावीची लेखी परीक्षाच झाली नाही. अंतर्गत मूल्यमापनातून मार्क ठरले आणि बारावीचा निकाल ९९.६३ टक्के लागला. ती मुलं आता पदवी घेऊन कॅटच्या रांगेत आलीत. त्यांच्या शेजारी २०१८ ला तीन तास घाम गाळून पेपर लिहिलेला सीनिअर उभा आहे. पायऱ्यांच्या शिडीला हा फरक दिसत नाही.

आत गेल्यावर सूर बदलतो

दिलासा देणारी गोष्ट अशी, की जुन्या मार्कांचा जोर दारावर सगळ्यात जास्त असतो. एकदा कॉल आला की वजनं बदलतात. अहमदाबादला शेवटच्या निवडीत इंटरव्ह्यूचा वाटा साधारण निम्मा असायचा. तिथे 'बारावीला काय झालं?' हा प्रश्न येऊ शकतो. उत्तर दोन वाक्यांत द्या. काय झालं आणि त्यानंतर काय केलं, बस्स. बोर्डाला, सरांना, नशिबाला शिव्या नकोत. रडगाणं तर नकोच.

मग पुन्हा कॅट द्यायची?

खरा प्रश्न हा आहे. कॅटला वयाची किंवा प्रयत्नांची मर्यादा नाही, आणि तीच अनेकांची गोची करते. 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणत तीन-चार वीकेंड-बॅच होतात. मॉक टेस्टच्या नादात लग्नं, ट्रेक, प्रमोशन सगळं पुढे ढकललं जातं. तेही अशा कॉलेजसाठी, जिथलं गणित आपण एकदाही मांडलेलं नसतं.

लक्षात घ्या, अहमदाबादच्या त्या हिशेबात अनुभवाचे गुण ३६ महिन्यांना थांबत होते. चार वर्षं नोकरी केलेल्याला पाचवं वर्ष एकही गुण देत नव्हतं. अशा वेळी तुमच्या हातात फक्त कॅटचा स्कोअर उरतो. तो दोन प्रयत्नांत ९८ च्या पुढे सरकला नसेल आणि मार्कशीटमध्ये दोन पायऱ्या गेलेल्या असतील, तर तिसरा प्रयत्न त्याच दारावर करण्यापेक्षा दार बदलणं शहाणपणाचं. त्याला हार म्हणत नाहीत, हिशेब म्हणतात.

बारावी पुन्हा देऊन मार्क सुधारता येतील, असंही कुणी सुचवतं. बोर्डाची श्रेणीसुधार योजना आहे, पण ती परीक्षेनंतरच्या ठरावीक संधींपुरतीच. पंचविशीत ते दार बंद झालेलं असतं. सतराव्या वर्षीचे मार्क सतराव्या वर्षीच राहणार. सव्विसाव्या वर्षी आपल्या हातात आहे, ते फॉर्म कुठे भरायचा हे.

फॉर्म भरण्याआधी

• दहावी-बारावीच्या मार्कशीट काढा आणि सगळ्या विषयांची बेरीज करून टक्के काढा. 'बेस्ट ऑफ फाइव्ह' विसरा.

• प्रत्येक संस्थेचे यंदाचे निकष तिच्याच वेबसाइटवर वाचा. ते बदलत राहतात. मागच्या वर्षीच्या सीनिअरचा सल्ला यंदा चालेलच असं नाही.

• तुम्ही पायरीच्या कितपत जवळ आहात ते बघा. ७९ टक्केवाल्याचं आणि ७१ टक्केवाल्याचं नुकसान तक्त्यात सारखंच असतं. ७९ वर हळहळण्यात वेळ घालवू नका.

• यादीत तीन प्रकारची कॉलेजं ठेवा: जुन्या मार्कांना जास्त वजन देणारी, कमी देणारी आणि अजिबात न देणारी.

• पदवी अजून चालू असेल तर शेवटची सेमिस्टर्स सिरियसली घ्या. मार्कशीटचा तेवढाच भाग अजून ओला आहे.

• इंटरव्ह्यूसाठी कच्च्या विषयाचं दोन वाक्यांचं उत्तर आजच तयार करा. आणि तो विषय थोडा वाचूनही ठेवा. विचारतात!