बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर बंद पडतंय? आधी हॅशचा आकडा बघा!



शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर सुरू केलं, एक-दोन चाली झाल्या आणि खिडकी बंद! मग आपण म्हणतो, "मशीन गेलं, भंगारात टाका." थांबा. पुष्कळदा दोष मशीनचा नसतो, एका सेटिंगचा असतो.

हॅश म्हणजे काय?

पांढऱ्याने आधी वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे नेलं आणि मग राजाकडचा घोडा काढला, किंवा आधी घोडा आणि मग प्यादं. काळ्याच्या चाली त्याच असतील तर पटावरची मांडणी एकच होते. तीच मांडणी पुन्हा तपासायला लागू नये म्हणून स्टॉकफिशसारखं इंजिन आपलं उत्तर मेमरीत लिहून ठेवतं. ही त्याची कच्ची वही. तिचा आकार म्हणजे 'हॅश'.

मग बंद का पडतं?

नव्या कॉम्प्युटरसाठीचा सल्ला वाचून आपण हॅश 1024 किंवा 2048 एमबी करतो. मशीनची सगळी रॅमच 2 जीबी, त्यातली बरीच विंडोजने घेतलेली. एवढी जागा मिळाली नाही की इंजिन बंद पडतं. कधी जागा हार्ड डिस्कवरून भागवली जाते, मग सगळंच गोगलगाय होतं. आणखी एक अडचण: 32 बिटच्या विंडोजवर एका प्रोग्रॅमला साधारणपणे 2 जीबीच्या वर मेमरी मिळत नाही, रॅम 4 जीबी असली तरीही.

काय करायचं?

1. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी' उघडून मोकळी मेमरी किती ते बघा.
2. मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी हॅश ठेवा. 600 एमबी मोकळी असेल तर 128 पुरे.
3. दोन इंजिनं एकमेकांशी खेळवत असाल तर प्रत्येकाची वही वेगळी. मग 64-64 ठेवा.
4. ब्राउझर बंद करा. 'थ्रेड्स' 1 ठेवा, म्हणजे प्रोसेसरवर ताण कमी येईल.
5. सॉफ्टवेअर उघडताच बंद पडत असेल, तर इंजिनच्या फाइलचं नाव तात्पुरतं बदला. इंजिन सापडलं नाही की बहुतेक वेळा सॉफ्टवेअर नुसतंच उघडतं. हॅश कमी करा आणि फाइलला जुनं नाव परत द्या.

16 एमबीवरही इंजिन लगेच बंद पडलं, तर कारण वेगळं समजा. ती फाइल नव्या प्रोसेसरसाठी बनवलेली असू शकते; जुन्या प्रोसेसरसाठीची घ्या. 64 बिटचं इंजिन 32 बिटच्या विंडोजवर चालतच नाही, हेही तपासा.

हॅश कमी केल्यावर इंजिन कच्चं होईल का?

मुलांपुरतं तरी नाही. स्टॉकफिशमध्ये हॅश मुळातच 16 एमबी असतो. मोठी वही लागते ती एकच मांडणी तासन्‌तास तपासताना. चौथी-पाचवीतल्या मुलाला घोडा फुकट गेला हे दाखवायला 16 एमबी भरपूर झाले.

तेव्हा मशीन भंगारात काढण्याआधी हा एक आकडा बदलून बघा. त्याच मशीनवर वर्गातली मुलं खेळायला लागतील.