मोटारीवरील पाण्याचे डाग

घरची मोटार स्वतःच्या हातानें धुणें ही गोष्ट दिसावयास अगदीं सोपी. बादलीभर पाणी, एक फडकें आणि अर्ध्या तासाची सवड असली म्हणजे झालें, असें आपणांस वाटतें. परंतु पुष्कळदां असा अनुभव येतो कीं, गाडी ओली असतांना आरशासारखी चकाकते आणि वाळली म्हणजे तिच्यावर जागोजाग पांढरीं वर्तुळें उमटतात. हीं वर्तुळें कोठून येतात व तीं कशीं टाळावीं, एवढाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

या विषयाकडे मी वळलों तो माझ्याच एका चुकीमुळें. आमच्या इमारतींतल्या गाड्या धुवावयास एक तरुण मुलगा येतो. एका उन्हाळ्यांत माझ्या चिरंजीवांची गर्द निळी गाडी डागाळलेली पाहून मीं त्याला चार लोकांदेखत आळशी म्हटलें. तो बिचारा कांहीं बोलला नाहीं. पुढल्या रविवारीं मी स्वतः बाह्या सरसावून, भर उन्हांत दोन तास खपलों. आणि दुपारीं पाहतों तों डाग पहिल्याहून दुप्पट! तेव्हां ध्यानांत आलें कीं, दोष हाताचा नसून पाण्याचा आणि उन्हाचा होता.

आमच्या आवारांतील नळाला बोअरचें पाणी येतें. जमिनीखालीं खडकांच्या भेगांतून झिरपतांना पाण्यांत कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळतात. अशा पाण्यास आपण जड पाणी म्हणतों. थेंब वाळतो तेव्हां केवळ पाणीच वाफ होऊन जातें, क्षार मागेंच राहतात. पाण्यांतील कार्बन डायऑक्साइड वायु निसटला कीं, विरघळलेलें कॅल्शियम न विरघळणाऱ्या चुनखडीच्या रूपानें पृष्ठभागाला चिकटून बसतें. थेंब कडेला अधिक वेगानें वाळतो. तेथील तूट भरून काढण्यास मधलें पाणी कडेकडे वाहतें आणि क्षारहि आपल्याबरोबर नेतें. म्हणून डाग भरीव टिकलीसारखा न दिसतां कड्यासारखा दिसतो. मेजावर सांडलेल्या चहाच्या थेंबाचें कडें उमटतें तें याच कारणानें.

आतां थोडें गणित करूं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकांत जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरें पाणी उपलब्ध नसल्यास ६०० पर्यंत चालवून घेतात. धुतल्यानंतर गाडीवर अर्धा लिटर पाणी राहिलें असें धरलें, तर ६०० च्या हिशेबानें ३०० मिलिग्रॅम क्षार, म्हणजे चिमूटभर मिठाएवढी पूड, आपण आपल्याच हातानें गाडीवर पसरून ठेवतों. यावरून एकच नियम निघतो : थेंबाला गाडीवर वाळूं देऊं नये. पुढील सर्व कृति या नियमाचाच विस्तार होय.

गाडी सावलींत उभी करावी, आणि बॉनेटला हात लावून तें थंड झाल्याची खात्री करून घ्यावी. सकाळीं लवकर किंवा ऊन उतरल्यावर हें काम करावें. प्रथम चाकें धुवावीं, कारण सर्वांत अधिक चिखल तेथें असतो. त्यांचें फडकें निराळें ठेवावें. नंतर साध्या पाण्यानें टपापासून खालीं धूळ वाहून जाऊं द्यावी. साबणाची एक व साध्या पाण्याची एक अशा दोन बादल्या घ्याव्या. फडकें प्रत्येक वेळीं साध्या पाण्यांत खळबळून मगच साबणांत बुडवावें, म्हणजे वाळूचे कण रंगावर ओरखडे काढणार नाहींत. कपड्यांचा साबण वापरूं नये. जड पाण्यांत त्याचा चिकट साका होतो. गाडीसाठीं मिळणारा शांपू बरा. एका वेळीं एकच भाग धुवावा आणि फेस वाळण्यापूर्वीं त्यावर पाणी ओतावें.

शेवटचें पाणी फवाऱ्यानें उडवूं नये. तांब्यानें टपावरून संथ धारेनें सोडावें, म्हणजे तें पडद्यासारखें एकसंध घसरतें व मागें थेंब थोडे राहतात. हें पाणी शक्य तितकें मऊ असावें. धरणाचें नळाचें पाणी बोअरच्या मानानें सहसा मऊ असतें. साठविलेलें पावसाचें त्याहून मऊ. वातानुकूलन यंत्रांतून ठिबकणारें पाणी हवेंतील वाफेचें असल्यानें जवळजवळ क्षाररहित असतें. तें फडक्यानें गाळून घ्यावें. उलट, घरगुती आर-ओ यंत्रांतून बाहेर टाकलें जाणारें पाणी पुष्कळ गृहिणी काटकसरीनें गाडीसाठीं राखून ठेवतात. हेतु स्तुत्य, परंतु यंत्रानें पिण्याच्या पाण्यांतून काढलेले क्षार त्यांतच साचलेले असतात. तें चाकांना खुशाल वापरावें, शेवटच्या धुण्यास मात्र नव्हे.

लगेच मायक्रोफायबरचें मोठें, स्वच्छ फडकें पसरून अलगद टिपावें, घासूं नये. क्रम टप, काचा, बॉनेट, मग बाजू असा ठेवावा. दारें उघडून त्यांच्या कडा पुसाव्या. आरशांच्या व नंबरपाटीच्या खांचांतून पाणी मागाहून ओघळतें, म्हणून पांच मिनिटांनीं पुन्हां एक फेरी मारावी.

डाग पडलेच असतील तर व्हिनेगर आणि पाणी समभाग मिसळून, थंड पृष्ठभागावर मिनिटभर ओलें फडकें ठेवावें व भरपूर पाण्यानें धुवून पुसावें. त्यांतील आम्लानें चुनखडी विरघळते. आधीं एखाद्या आडबाजूच्या कोपऱ्यावर प्रयोग करून पाहावा. उन्हांत दीर्घकाळ राहून जो डाग रंगांत खोल गेला, तो यानें जात नाहीं. त्याला पॉलिशच करावें लागतें. भांडीं घासण्याची पूड मात्र कधींहि लावूं नये.

आमच्या गाडीच्या टपावर असे दोन डाग अद्याप आहेत. ते माझ्या त्या रविवारचे. त्या मुलाला मीं हें सारें समजावून सांगितलें, आणि ज्या चौघांदेखत त्याला बोल लावला होता, त्यांच्यादेखतच माझी चूक कबूल केली. आतां नळाला धरणाचें पाणी येतें त्या वेळीं मी एक बादली भरून जिन्याखालीं ठेवतों. तो धुतो, मी पुसतों. तीन बादल्यांत काम होतें, आणि गाडी वाळल्यावरहि निळीच दिसते.