घरातली शाळा आणि संगणकाची निवड

दसरा सरला की बीड जिल्ह्यातली गावे रिकामी होऊ लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, म्हणून जाणे चुकत नाही. काही मुले फडावर जातात, काही आजीजवळ राहतात. हंगामी वसतिगृहाची सोय आहे. पण ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा जे सावकाश शिकते, अशा मुलाचा तिथे निभाव लागल्याचे माझ्या पाहण्यात फारसे नाही. ते मूल घरीच राहते. शहरातल्या सुखवस्तू घरांत मुलाला घरी शिकवणे ही हौस असेल, आपल्या वस्तीत ती लादलेली अवस्था आहे.

कायद्याने या मुलांना वाऱ्यावर सोडलेले नाही. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा. त्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन तीव्र आणि बहुविकलांग मुलांना घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय मिळाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. परंतु घरी शिकण्याचा पर्याय म्हणजे शाळेची जबाबदारी संपली असे नव्हे. हे आधी लक्षात घ्यावे आणि मगच संगणकाकडे वळावे.

मागच्या हंगामात आमच्या वस्तीतल्या एका बाईने उचलीतले पैसे मोडून, हप्त्याने, एका विक्रेत्याकडून शिकवणीचे ॲप घेतले. पोरगा नऊ वर्षांचा, उशिरा बोलायला लागलेला. ॲप इंग्रजी बोलणारे. प्रत्येक प्रश्नाला घड्याळ लावलेले, चुकले की भोंगा वाजायचा. चौथ्या दिवशी पोराने मोबाईल उपडा करून ठेवला. हप्ते मात्र हंगामभर चालू राहिले. माझ्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. शाळेतला असा भोंगा मी ऐकलेला आहे. म्हणून तिने मला विचारले, "सर, घ्यायच्या आधी काय बघायचं असतं?" तिच्या प्रश्नाचे उत्तर इथे मांडतो.

पहिली गोष्ट, मूल कुठे अडते ते पाहावे. इयत्ता नंतर पाहावी. ज्याला दिसत नाही त्याला चित्रांचा खेळ निरुपयोगी आहे. त्याला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणारे सॉफ्टवेअर हवे. 'एनव्हीडीए' हे असे सॉफ्टवेअर २००६ साली मायकेल करन या अंध तरुणाने ऑस्ट्रेलियात सुरू केले. ते फुकट आहे आणि मराठी मजकूरही वाचते. अँड्रॉइड मोबाईलमध्ये 'टॉकबॅक' ही सोय असते. तिच्यासाठी वेगळा पैसा लागत नाही. मात्र शिकवणीचे ॲप या वाचकाशी जुळले पाहिजे. टॉकबॅक चालू करून ॲप उघडावे. बटणाचे नाव ऐकू येण्याऐवजी नुसतेच 'बटण, बटण' असे ऐकू आले, तर ते ॲप अंध मुलासाठी नाही.

ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी नुसते बोलणारे धडे व्यर्थ. लिहिलेल्या ओळी आणि खुणांची भाषा हवी. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने १०,००० शब्दांचा कोश २०२१ साली पुरा केला. तो घरच्यांनीही शिकावा. जे मूल सावकाश शिकते त्याच्यासाठी घड्याळ बंद करता यावे, एकच पायरी हवी तितक्या वेळा करता यावी आणि चूक झाली तर अपमान न होता पुढची खूण मिळावी. आणि फडावरून परतलेली, अक्षर विसरलेली तेरा वर्षांची मुलगी? तिच्यात काही उणे नाही, तिची वर्षे हिरावली गेली आहेत. तिच्यापुढे तान्ह्या पोरांची गाणी ठेवली तर ती लाजून उठेल. वाचन सोपे असावे, विषय तिच्या वयाचा असावा.

दुसरी गोष्ट, इंटरनेट. तांड्यावर, वस्तीवर रेंज येते-जाते आणि रिचार्ज संपते. म्हणून एकदा उतरवून घेतल्यावर नेटशिवाय चालणारेच निवडावे. 'जीकॉम्प्री' हा लहान मुलांच्या खेळ-अभ्यासांचा संच फुकट आहे आणि जुन्या संगणकावरही चालतो. 'कोलिब्री' तर नेट नसलेल्या ठिकाणांसाठीच बनविले आहे. बालभारतीची पुस्तके फुकट मिळतात. त्यांतल्या क्यूआर कोडवरून 'दीक्षा'वरचे धडे उघडतात आणि ते साठवूनही ठेवता येतात. फुकटचे आधी वापरून पाहावे. पंधरा दिवस मुलाजवळ बसावे. ते आपण होऊन पुन्हा मागते का, यावर निर्णय घ्यावा. विकत घ्यायचेच असेल तर हप्त्याच्या कागदावर अंगठा उठविण्यापूर्वी तो कोणाकडून तरी वाचून घ्यावा.

तिसरी गोष्ट आशयाची. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरला, तेव्हा अभ्यासात शेतीचे आणि आरोग्याचे ज्ञान असावे असेही सांगितले. ही कसोटी आजही लावावी. ज्या धड्यातले घर नेहमी बंगल्याचे असते आणि बाप नेहमी कचेरीत जातो, त्या धड्यात कोयत्यावरच्या आईचे मूल स्वतःला कुठे शोधणार? गणितात मोळ्या मोजल्या, उचलीचा आणि तोडीच्या टनांचा हिशेब घातला, तर तेच मूल उद्या मुकादमाची वही तपासील.

शेवटी एक सांगितले पाहिजे. संगणक शिक्षकाच्या जागी बसू शकत नाही आणि आजीच्या एकटेपणावर तो उपाय नाही. कार्यकर्त्यांनी वस्तीत एक जुना संगणक मांडावा, विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने बसावे, शिक्षकांनी घरी राहिलेल्या मुलांची नावे शाळेच्या पटावर आहेत की नाहीत ते पाहावे. नसतील तर ती लावून घ्यावीत आणि घरी येणाऱ्या विशेष शिक्षकाची लेखी मागणी करावी. सॉफ्टवेअरची निवड हे त्या भांडणातले एक छोटे काम आहे. पण ते चुकले तर उचलीतले पैसे जातात आणि त्याहून मोठे नुकसान म्हणजे, आपल्याला शिकताच येत नाही असे मुलाला वाटू लागते. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला हेच पटवून दिले गेले. ते काम आता यंत्राकडून होऊ देता कामा नये.