भेंडी कोवळी खुडा, डबल बी पूर्ण शिजवा

मटार सोलताना चार दाणे तोंडात टाकले नाहीत, असे घर सापडणे कठीण. गच्चीत लावलेली कोवळी भेंडीही मुले झाडावरून तोडून कच्ची खातात. ती धुऊन खाल्ली तर त्यात काही बिघडत नाही. पण शेजारीच मांडवावर डबल बीचा वेल चढवला असेल, तर घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवायला हवे, की या शेंगेतले दाणे कच्चे खायचे नाहीत. ओले नाहीत, वाळलेले नाहीत आणि मोड आलेलेही नाहीत.

भेंडी आणि डबल बी या दोन्ही उष्ण हवेच्या, घरच्या बागेत सहज येणाऱ्या भाज्या. मात्र त्यांचे नियम अगदी उलटे आहेत. भेंडी जितकी कोवळी आणि जितकी कमी शिजवलेली, तितकी चांगली. डबल बी मात्र भरू द्यावी लागते आणि मऊ होईपर्यंत शिजवावी लागते. बाग करणाऱ्यांनी हा फरक ओळखला, तर या दोन्ही भाज्यांचा शरीराला खरा उपयोग होतो.

भेंडी लावताना

भेंडी ही कापूस आणि जास्वंदीच्या कुळातली. तिचे फूल पाहिले की हे नाते लगेच ध्यानात येते. महाराष्ट्रात ती पावसाळ्याच्या सुरुवातीला जून-जुलैमध्ये आणि उन्हाळ्यासाठी जानेवारी-फेब्रुवारीत लावतात. तिचे सोटमूळ खोल जाते, त्यामुळे रोप उपटून दुसरीकडे लावलेले तिला मानवत नाही. बी थेट जागेवरच टोकावे. बी रात्रभर पाण्यात भिजवून साधारण दोन सेंटिमीटर खोल लावले, तर आठवडाभरात उगवते. दोन झाडांत एक फूट अंतर, दिवसातून किमान सहा तास ऊन आणि पाण्याचा निचरा एवढे मिळाले तर सहसा तक्रार राहत नाही. पाने पिवळी पडून शिरांचे जाळे उठून दिसू लागले, तर तो केवडा रोग. तो विषाणूमुळे होतो आणि पांढरी माशी तो पसरवते. असे झाड उपटून टाकलेले बरे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने दिलेला ‘परभणी क्रांती’ हा वाण या रोगाला बऱ्यापैकी दाद देत नाही, म्हणून घरच्या बागेसाठी सोयीचा आहे.

इथे एक वैद्यकीय सूचना. दुकानातून आणलेल्या पाकिटातले बी अनेकदा गुलाबी, निळे किंवा हिरवे दिसते. तो रंग शोभेसाठी नसतो, त्या बियांना बुरशीनाशक चोळलेले असते. असे बी स्वयंपाकाच्या भांड्यात भिजवू नये, हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि उरलेले डबल बीचे बियाणे उसळीत घालण्याचा मोह तर मुळीच धरू नये.

पेरणीनंतर दीड महिन्याच्या आसपास फुले येतात. फूल उमलल्यापासून पाच-सहा दिवसांत भेंडी खुडण्याजोगी होते आणि आणखी तीन-चार दिवस गेले की निबर होते. म्हणून हंगामात एक दिवसाआड झाडाकडे जावेच लागते. बाजारात टोक मोडून पाहणाऱ्या गिऱ्हाइकावर भाजीवाली चिडते, पण घरच्या झाडावर ती परीक्षा खुशाल घ्यावी. टोक कट्कन मोडले तर कोवळी, नुसतेच वाकले तर निबर. निबर झालेली भेंडीही कापून टाकावी. झाडावर बी पिकू लागले की झाडाची ताकद तिकडे जाते आणि नवी फळे कमी लागतात. भेंडी ओढून न तोडता कात्रीने देठासकट कापावी. झाडावरच्या बारीक लवेने हाताला खाज सुटते, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घालावेत.

भेंडीचे पाणी आणि मधुमेह

बाह्यरुग्ण विभागात मधुमेहाचे रुग्ण हमखास विचारतात, “डॉक्टर, भेंडी चिरून रात्री पाण्यात ठेवायची आणि सकाळी ते पाणी प्यायचे, म्हणजे साखर उतरते ना?”

भेंडीचा बुळबुळीतपणा हा विरघळणाऱ्या तंतूंमुळे असतो. हे तंतू आतड्यात दाटसर थर तयार करतात, त्यामुळे जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. काही छोट्या अभ्यासांत भेंडीमुळे रक्तातली साखर थोडी कमी झाल्याचे दिसलेही आहे. तेव्हा मधुमेही माणसाने भेंडीची भाजी आवर्जून खावी. पण रात्रभर भिजवलेल्या पाण्यात त्या तंतूंचा काही भागच उतरतो, बाकीची भेंडी आपण फेकून देतो. त्यापेक्षा अख्खी भाजी खाणे शहाणपणाचे.

खरी काळजी वेगळीच आहे. भेंडीचे पाणी सुरू केले म्हणून गोळ्या बंद केलेले रुग्ण आम्हाला दिसतात. महिना-दोन महिने त्यांना काही जाणवत नाही, कारण वाढलेली साखर दुखत नाही. मग पायाची जखम चिघळून किंवा डोळ्यांपुढे अंधारी येऊन ते परत येतात. इन्सुलिनवर असलेल्या रुग्णाने, विशेषतः पहिल्या प्रकारच्या मधुमेहात, इन्सुलिन थांबवले तर काही दिवसांतच जीवावर बेतू शकते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. उंदरांवरील एका प्रयोगात भेंडीच्या अर्कामुळे मेटफॉर्मिन या औषधाचे शोषण कमी झाल्याचे आढळले होते. माणसांत तसेच होते, असे यावरून म्हणता येणार नाही. तरी गोळी भेंडीच्या पाण्याबरोबर न घेता साध्या पाण्याबरोबर घ्यावी.

शंभर ग्रॅम कच्च्या भेंडीत सुमारे ३३ कॅलरी, ३ ग्रॅम तंतू आणि २० मिलिग्रॅमहून अधिक क जीवनसत्त्व असते. फोलेटही चांगले असते. जास्त वेळ शिजवले की क जीवनसत्त्व कमी होते आणि भरपूर तेलात तळली की कॅलरींचे गणित बिघडते. भेंडी आधी धुवावी, कोरडी पुसावी आणि मग चिरावी. थोड्या तेलावर, झाकण न ठेवता परतून शेवटी आमसूल किंवा लिंबू घातले की तार सुटत नाही आणि भाजीही पटकन होते.

डबल बी : सावकाश येणारे पीक

डबल बी म्हणजे लिमा बीन. पेरू देशाची राजधानी लिमा, तिचेच नाव या शेंगेला मिळाले. आपल्या वालाहून ही वेगळी जात आहे, जरी दाण्याच्या आकारामुळे दोन्हींत गल्लत होते. बी मोठे असल्याने चिखलात ते कुजते. म्हणून मुसळधार पावसात लावू नये, जोर ओसरल्यावर निचऱ्याच्या जागी लावावे. बुटकी जात दोन ते अडीच महिन्यांत येते. वेलीच्या जातीला आणखी काही आठवडे लागतात आणि भक्कम मांडव लागतो. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. त्यामुळे युरियाचा मारा करू नये, केला तर नुसता पाला माजतो आणि शेंगा कमी धरतात.

ओल्या दाण्यासाठी शेंग टरारून फुगली, पण अजून हिरवी आहे, तेव्हा तोडावी. साठवणीसाठी शेंगा वेलीवरच वाळू द्याव्यात आणि हलवल्यावर आत दाणे खुळखुळू लागले की काढाव्यात. दाणे कडक उन्हात वाळवून हवाबंद डब्यात ठेवावेत. ओलसर राहिले तर बुरशी धरते, आणि बुरशी आलेले दाणे धुऊन वापरायचे नसतात, टाकून द्यायचे असतात.

कच्च्या दाण्यात काय असते?

डबल बीच्या दाण्यात लिनामरिन नावाचे द्रव्य असते. दाणा चावला किंवा वाटला की दाण्यातलेच एक विकर त्याच्यावर काम करते आणि हायड्रोजन सायनाइड मोकळे होते. किडे-प्राण्यांपासून बी वाचवण्याची ही झाडाची युक्ती. हेच लिनामरिन कसाव्याच्या कंदातही असते. त्या कंदापासून साबुदाणा बनवताना धुण्याच्या आणि तापवण्याच्या प्रक्रियेत ते निघून जाते, म्हणून आपण उपासाला निर्धास्तपणे खिचडी खातो.

विकल्या जाणाऱ्या पांढऱ्या दाण्याच्या जातींत हे द्रव्य बरेच कमी असते, रानटी आणि काही रंगीत दाण्यांच्या जातींत जास्त असते. कुठून तरी मिळालेल्या बियाण्याची जात आपल्याला ठाऊक नसते, म्हणून नियम सगळ्यांसाठी एकच ठेवावा. शिवाय कच्च्या कडधान्यात लेक्टिन नावाची प्रथिने असतात. अर्धवट शिजलेल्या दाण्यांतून ती पोटात गेली तर मळमळ, उलट्या, जुलाब होऊ शकतात.

कोकणात कडवे वाल भिजवून, मोड आणून, सोलून मग बिरडे शिजवतात. जुन्या बायकांनी हे सोपस्कार उगीच ठरवलेले नाहीत. डबल बीसाठी पद्धत अशी :

दाणे रात्रभर भरपूर पाण्यात भिजवावेत आणि ते पाणी टाकून द्यावे. नव्या पाण्यात, उघड्या पातेल्यात, दहा-पंधरा मिनिटे खळखळ उकळावेत. सायनाइडचा वायू वाफेबरोबर निघून जातो, म्हणून या वेळी झाकण ठेवू नये. हे पाणीही टाकावे. मग ताजे पाणी घालून कुकरमध्ये, दाणा बोटाने सहज चिरडेल इतका मऊ होईपर्यंत शिजवावा. ओल्या दाण्यांना भिजवण्याची गरज नाही, पण उघड्या पातेल्यात उकळून पाणी टाकणे त्यांनाही लागू आहे. या पद्धतीने पोटात वायू धरणाऱ्या शर्कराही बऱ्याच कमी होतात, त्यामुळे उसळ बाधत नाही.

मूग-मटकीसारखी मोड आलेली डबल बी कच्ची कोशिंबिरीत घालू नये. लहान मुलाने कच्चे दाणे खाल्ले आणि त्याला चक्कर, डोकेदुखी, उलट्या, धाप किंवा गुंगी आली, तर घरगुती उपाय करत न बसता लगेच रुग्णालय गाठावे आणि काय खाल्ले ते सांगावे. उरलेल्या शेंगा बरोबर आणल्या तर निदानाला मदत होते.

इतके सोपस्कार करून ही उसळ खावी का? जरूर खावी. शिजवलेल्या शंभर ग्रॅम डबल बीमध्ये जवळपास ८ ग्रॅम प्रथिने, ७ ग्रॅम तंतू आणि २ मिलिग्रॅमहून थोडे अधिक लोह असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. कडधान्यातले लोह शरीरात कमी शोषले जाते, पण सोबत क जीवनसत्त्व असेल तर शोषण वाढते. म्हणून उसळीवर लिंबू पिळावे आणि जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये, कारण चहा हे शोषण रोखतो. ज्यांचे हिमोग्लोबिन बरेच उतरले आहे किंवा ज्या गर्भवती आहेत, त्यांनी डॉक्टरांनी दिलेल्या लोह व फॉलिक अॅसिडच्या गोळ्या उसळ खात असतानाही चालू ठेवाव्यात.

थोडे पथ्य

मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्यांनी डबल बी डॉक्टरांना विचारूनच खावी, कारण शंभर ग्रॅम शिजलेल्या दाण्यांत सुमारे ५०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. वारंवार ऑक्झलेटचे मूतखडे होणाऱ्यांनी भेंडीचे प्रमाण बेताचे ठेवावे. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी भेंडी सोडायची गरज नाही, पण एखाद्या आठवड्यात रोज आणि पुढे महिनाभर अजिबात नाही, असे करू नये.

बागेत काम करताना मधुमेही माणसाने अनवाणी जाऊ नये. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर काटा बोचलेला कळत नाही. कुंड्यांखालच्या ताटल्यांत साचलेले पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून ताटली घासावी, डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ पाण्यात वाढतात. किडीसाठी निंबोळी अर्क बहुतेक वेळा पुरतो. कीटकनाशक आणलेच, तर ते कधीही सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत काढून ठेवू नये. चुकून प्यायल्याने होणाऱ्या विषबाधा अशा बाटल्यांमुळेच होतात. डब्यावर फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस ठेवायचे ते लिहिलेले असते. एक दिवसाआड खुडल्या जाणाऱ्या भेंडीला ते पाळणे अवघड, म्हणून भेंडीवर रासायनिक फवारणी टाळलेलीच बरी.

जागा थोडी असेल तर यंदा वीसएक झाडे भेंडीची आणि चार वेल डबल बीचे लावून पाहा. आठवड्यातून दोनदा भाजी आणि हिवाळ्यात काही वेळा उसळ, एवढे त्यातून निघते.